वितरकाने आमच्या ब्रँडचा अर्ज स्वतःच्या नावाने टाकलाय, काय करू?

नवखा निर्यातदार
आम्ही लाकडी खेळणी बनवतो. डब्यावरची चित्रं, खेळायच्या सूचनांची पुस्तिका सगळं आमचंच. परदेशातल्या एका वितरकाशी बोलणी पक्की होत आली होती. परवा त्याचा मेल आला: "तुमची धावपळ नको म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज मीच गेल्या महिन्यात इथे माझ्या नावाने टाकलाय." माणूस गोड आहे, पण वाचून पोटात गोळा आला. आमच्या देशात आम्ही चार महिन्यांपूर्वी अर्ज केलाय. राहू देऊ का त्याचा? आणि चित्रांचं काय?

कंटेनरवाला
अजिबात राहू देऊ नका. तो सज्जन असेलही, पण उद्या तुमचं बिनसलं आणि तुम्ही दुसरा वितरक नेमला, तर तिथल्या कस्टम्सच्या लेखी नावाचा मालक तोच. तुमचाच अस्सल माल नकली म्हणून बंदरात अडकेल. आमचा अडकला होता. शेवटी स्वतःचंच नाव पैसे मोजून सोडवून आणावं लागलं.

कागदी घोडा
चार महिने म्हणताय ना, मग वाचलात. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज करून अग्रहक्क मागितला, की तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरतात. म्हणजे त्याचा अर्ज आपोआप तुमच्या मागे जातो. हातात दोन महिने आहेत, नंतर वरातीमागून घोडं.

मात्र नाव तेच आणि माल तोच हवा. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे वर्ग एकूण ४५, खेळणी २८ मध्ये. त्याने १६ (छापील साहित्य) किंवा २५ (कपडे) मध्येही अर्ज टाकला असेल, तर तिथे ही तारीख कामाची नाही. तिथे त्याच करारातलं दुसरं कलम: प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीवाचून नाव नोंदवलं तर मालक विरोध करू शकतो. तुमचा करार झालेला नाही, त्यामुळे "मी प्रतिनिधी नव्हतोच" असं तो म्हणेल. आणि हो, मेलला "धन्यवाद" म्हणून उत्तर दिलं नाहीत ना? ती संमती म्हणून पुढे करता येते.

नवखा निर्यातदार
नशीब, अजून उत्तरच दिलेलं नाही! वर्ग फक्त २८ घेतलाय. माद्रिदमार्गे, म्हणजे एकाच अर्जात अनेक देश मागता येतात त्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, करू का?

कागदी घोडा
बरेच देश असतील तर माद्रिद सोयीचं. पण तो अर्ज पहिली ५ वर्षं तुमच्या मूळ अर्जावर टेकलेला असतो. मूळ अर्ज कोसळला की बाकीचेही कोसळतात. शिवाय एक अर्ज म्हणजे एक मंजुरी नव्हे, प्रत्येक देश आपापली तपासणी करतोच. तुमचा देश एकच आहे, वेळही कमी. मी तिथला वकील गाठून थेट अर्ज केला असता.

शाईवाली
चित्रांचं सोपं आहे आणि नाहीही. बर्न करारामुळे सदस्य देशांत कॉपीराइट नोंदणीशिवायच मिळतो. पण चित्रं काढली कोणी? पगारी माणसाने की बाहेरच्या चित्रकाराने? बाहेरचा असेल आणि लेखी हस्तांतरण नसेल, तर बऱ्याच देशांत हक्क त्याचाच राहतो, तुम्ही पैसे दिलेले असले तरी. मूळ रेखाटनं, तारखांच्या फायली जपून ठेवा.

कंटेनरवाला
ट्रेडमार्क हाती आला की तिथल्या कस्टम्सकडेही तो नोंदवा, जिथे सोय असेल तिथे. अस्सल डबा कसा ओळखायचा त्याचे फोटो द्या. नकली वाटणारा माल कस्टम्सने अडवल्यावर हक्कदाराला साधारण १० कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढ्यात कोर्टाची कारवाई सुरू झाली नाही तर माल सुटतो. वकील आधीच ठरलेला बरा.

नवखा निर्यातदार
चित्रकार बाहेरचाच, कागद काही नाही. आज करून घेतो. वितरकाला काय लिहू?

कागदी घोडा
आधी अर्ज, मग मेल. क्रम चुकवू नका. मेलमध्ये एवढंच: "आम्ही परवानगी दिलेली नाही. अर्ज मागे घ्या किंवा आमच्या नावावर करा, त्यानंतरच करारावर सही." करारातही लिहून घ्या की नावाचा वापर फक्त करार असेपर्यंत.