जुन्या घरातले लोखंडी पाइप बदलताना (इंदूर): अनुभव धागा

रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, जुनी इंदूर. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं, त्या सुमारास घातलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप या भागांतल्या कितीतरी भिंतींत अजून आहेत. ज्यांनी हे काम केलंय, करवून घेतलंय, त्यांनी लिहा. मापं, सामान, काय बिघडतं आणि का, एवढंच. मिस्त्रीशी झालेली भांडणं दुसरीकडे.

पाइप खरंच बुजलाय का?
फोडाफोडीआधी १५ लिटरची बादली घ्या. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या एकाच लाइनवर वरच्या मजल्याचा नळ आणि तळमजल्याचा नळ घेऊन बादली भरायचा वेळ मोजा. खाली दाब जास्त (दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो), म्हणजे खाली लवकर भरायला हवी. उलटं होत असेल तर नळाची जाळी साफ करून पुन्हा मोजा, तरी तेच आलं तर पाइप आतून भरलाय. अर्ध्या इंचाच्या जुन्या पाइपचा तुकडा कापला की आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक दिसतं, बाकी सगळे तपकिरी गंजाचे फोड. इथे नर्मदा एक दिवसाआड येते. हौदापर्यंतची लाइन मधल्या वेळात रिकामी, आत हवा आणि ओल दोन्ही, म्हणून ती आधी जाते.
अॅसिड घालून साफ करू नका. जिथे आटे पाडलेले असतात तिथे पत्रा आधीच अर्धा उरलेला, तोही जातो.

आधी अर्थिंग बघा!
हे कोणी सांगत नाही म्हणून मोठ्या अक्षरात. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग सर्रास पाण्याच्या पाइपला बांधलेलं असतं. मीटरजवळून निघालेली उघडी तार नळाच्या पाइपला गुंडाळलेली दिसली की समजा. पाइप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग संपलं, आणि गिझरमध्ये विजेची गळती झाली तर करंट थेट नळाच्या तोटीला. इलेक्ट्रिशियनकडून वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या, तपासून घ्या, मगच प्लंबरला बोलवा.

झिरी
वर अर्थिंगबद्दल लिहिणाऱ्या काकांना दुजोरा. आता झिरी, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत कापायची खाच: चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या विटकामावर छिन्नी-हातोडा चालवला की झिरीऐवजी खिंडार पडतं. ग्राइंडरने दोन समांतर काप घ्या, मधलं हळूच काढा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून नको. आडवी लांब झिरी भार घेणाऱ्या भिंतीत टाळाच, पाइप बाहेरून क्लॅम्पवर न्या. दिसतं वाईट, पण गळती लगेच दिसते. जुना पाइप ओढून काढायचा हट्ट नको, दोन्ही टोकं बंद करून आत राहू द्या.

सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची) जोडणी
एक बाथरूम आणि स्वयंपाकघर यांना अंदाजे: पाऊण इंची ३ मीटरच्या ६ लेंथ, अर्धा इंची ४, एल्बो (काटकोनी वळणं) २५, टी (तीन तोंडांचे जोड) १०, पितळी आट्यांचे एल्बो ८. मुख्य लाइन पाऊण इंचीच ठेवा, अर्धा इंच फक्त शेवटच्या नळापुरता.

पाइप काटकोनात कापा, कडेचा भुसा काढा. कोरडा पाइप सॉकेटमध्ये (फिटिंगच्या तोंडात) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जायला हवा. त्याहून सैल असेल तर तो फिटिंग परत करा. सोल्युशन (सांधे चिकटवायचा द्रव) पाइपवर भरपूर, सॉकेटमध्ये पातळ. सॉकेटमध्ये जास्त झालं तर आत गोळा होऊन राहतो, आणि नवा पाइप पहिल्या दिवसापासून अर्धा बंद. आत ढकलताना पाव फेरा द्या, अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप मागे सरकतो. साध्या पीव्हीसीचं सोल्युशन इथे चालत नाही, डबा वाचा. २४ तास पाणी नको.

नळ जिथे बसतो तिथे पितळी आटेच. प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी निप्पल (आट्यांचा छोटा तुकडा) आवळली की तडा जातो, तोही कधी कधी प्लास्टर झाल्यावर. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने ८-१० फेरे. सूत आणि सफेदा (आट्यांवर लावायची पांढरी पेस्ट) लोखंडासाठी ठीक, सीपीव्हीसीला लावू नका. वॉल मिक्सरचे दोन पॉइंट मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी, आणि प्लास्टर-टाइल्सची जाडी धरून बाहेर काढा.

गरम पाण्याची ३ मीटरची लेंथ ४० अंशांच्या फरकाने ८ मिमीच्या आसपास वाढते. क्लॅम्प आवळून टाकू नका, पाइप सरकायला हवा. गच्चीवर उन्हातल्या पाइपला पाण्यात मिसळणारा रंग द्या, ऑइलपेंट नको.

काळी माती
अंगणातल्या लाइनबद्दल कोणी लिहिलं नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि पाइपला सांध्यापाशी उपटते. चर खणल्यावर तीच माती परत भरू नका. पाइपच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंच वाळू, वर मुरूम. रस्त्यातल्या फेरूलला (मुख्य लाइनवरच्या आपल्या जोडणीला) आपण हात लावायचा नाही, त्यासाठी पालिकेत अर्ज.

बोरिंग आणि नर्मदेच्या लाइन एकत्र जोडलेल्या असतील तर हीच वेळ तोडायची. बोरिंगचं पाणी जड, त्याचा पांढरा थर गिझरच्या एलिमेंटवर बसतो. मध्ये नुसता व्हॉल्व्ह पुरेसा नाही, तो एक दिवस उघडा राहतोच.

एक छोटं
टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला व्हॉल्व्हनंतर टी घालून टाकीच्या काठापेक्षा उंच हवेची नळी काढा. नाहीतर टाकी रिकामी होऊन भरली की हवा अडकते, नळ नुसते फुसफुसतात.

प्लास्टरच्या आधी
सगळे पॉइंट प्लगने बंद, मिक्सरच्या जागी गरम-थंड जोडणारा तुकडा. गिझर जोडू नका. पाणी भरून, हवा पूर्ण काढून, दाब तपासायच्या हातपंपाने ७ किलो दाब द्या आणि २ तास काटा बघा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याखाली कोरडं वर्तमानपत्र धरा, ओला डाग लगेच उमटतो. मग भिंतीवर टेप लावून, जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे आकडे दिसतील असे प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारणारा माणूस कधी ना कधी येणारच आहे.