विकणे आहे: झाडी आणि पऱ्या असलेली जमीन. तुमचे अनुभव लिहा

राजापूरकरीण
परवा व्हॉट्सॅपवर जाहिरात आली. "विकणे आहे. ३ एकर २० गुंठे, दाट झाडी, मधून पऱ्या, डांबरी रस्ता जवळ." फोटोत पऱ्या, म्हणजे दगडांवरून वाहणारा ओढा, आणि काठाला कुंभ्याचं झाड. तेव्हापासून आजोळची जमीन डोक्यातून जात नाहीये. सड्याखालच्या (कातळपठाराखालच्या) उतारावर ऐन, किंजळ, जांभूळ, आणि पऱ्यावर दरवर्षी दिवाळीनंतर घातलेला दगडमातीचा बांध. अख्खी वाडी यायची घालायला. तिथून पाटाने पाणी यायचं आणि खालची सुपारी त्याच्यावर शिपायची.

मामांनी ती विकली. भाव ठरताना पऱ्या आणि त्याच्या काठची झाडी धरलीच नाही, कारण सातबाऱ्यावर तेवढा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मला हे अजून पटत नाही. त्या जमिनीचा जीव त्या पोटखराबातच होता.

तुम्ही अशी जमीन विकली, घेतली किंवा राखली असेल तर लिहा.

आंबेघाटी
आमच्याकडे सातबाऱ्यावर २७ नावं. निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंदी कोणी केल्याच नाहीत. गिऱ्हाईक येतं, नावं वाचतं आणि परत जातं. काकांना राग येतो, पण मी मनातून खूश असतो. त्यामुळेच आमचे ऐन उभे आहेत.

सुरंगी
ताई, वाचून गलबलले. मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं. सही केली, भावांशी वाईटपणा नको. जमिनीचं काही वाटलं नाही, पण पऱ्याकाठचा बरका फणस आता मला विचारून कोणी काढणार नाही, याचं फार वाटलं.
कुकर लावलाय, नंतर लिहिते.

व्हाळातलो
आमच्या व्हाळात पैल्या पावसाक मासे चढत. बापूस बत्ती घेऊन फुडे, आमी मागसून. दुसऱ्या दिवशी कुर्ल्यांचा सार. आता गावात कोण जाता रात्रीचो?

आंबेघाटी
@व्हाळातलो चढणीचे मासे अजून मिळतात का हो तुमच्याकडे? आमच्याकडे फार कमी झालेत.

व्हाळातलो
गावतत, पण अंडी घालूक येतत ते. सगळेच धरलास तर फुडच्या वर्साक खय येतले? बापूस अर्धे सोडी.

सातबारा_वाचा
घेणाऱ्यांसाठी लिहितो. झाडी बघून भुलू नका. इतर हक्काच्या रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का ते आधी बघा. खाजगी वनं संपादनाचा कायदा १९७५चा, त्या ३० ऑगस्टला अशी वनं सरकारजमा झाली. काही ठिकाणी जमीन अजून जुन्या मालकाच्या ताब्यात दिसते आणि एजंट तीच दाखवतो. जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून वाचा, नुसता आजचा सातबारा पुरत नाही. शिवाय शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. आणि पऱ्या तुमच्या हद्दीतून वाहतो म्हणून तो तुमच्या मालकीचा झाला असं समजू नका. महसूल संहितेप्रमाणे खाजगी हक्क सिद्ध होत नसेल तर ओढेनाले शासनाचे. अडवून खालच्याचं पाणी तोडता येत नाही.

दोडामार्ग_वरून
शेजाऱ्याने डोंगर विकला. नवीन मालकाने जेसीबी लावून सगळं साफ केलं, रबरासाठी. आमचा वहाळ होळीपर्यंत वाहायचा, आता मकरसंक्रांतीला नुसते दगड. वरची सावली आणि पाचोळा गेला की पावसाचं पाणी मुरत नाही, मातीसकट खाली धावतं. ती माती आमच्या कुणग्यात, भाताच्या खाचरात, येऊन बसली.
या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला २०१३पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे. तक्रार दिली. माणसं आली, पंचनामा झाला. झाडं काय परत उभी राहणार नाहीत. लिहितानाही हात थरथरतो.

राजापूरकरीण
@दोडामार्ग_वरून काय बोलू... विहिरीला पाणी आहे ना?

दोडामार्ग_वरून
आहे, पण एप्रिलमध्ये तळ दिसतो. आधी असं कधी नव्हतं.

काजूबी
आम्ही उलटं केलं. विकायला काढलेली जमीन नवऱ्याने घेतली, एकही झाड न तोडता. सगळे म्हणाले कलमं लावा. लावली, पण वरच्या मोकळ्या जागेत. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना हात लावला नाही. पाऊस थांबला की शाळेची मुलं आणि आम्ही मिळून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून वनराई बंधारा घालतो. खालच्या वाडीची गुरं तिथे पाणी पितात. मोठ्ठा धनेश येतो उंबरावर, त्याच्या पंखांचा आवाज घरात ऐकू येतो!
फक्त वणव्याची भीती. फेब्रुवारीत हद्दीवरचं गवत कापून पट्टा साफ ठेवावाच लागतो.

सुरंगी
आले परत. @काजूबी तुमच्याकडे सुरंगीचं झाड आहे का? मार्चमध्ये त्याच्या फुलांचे वळेसर (गजरे) मिळाले तर मी येते 😊

काजूबी
एक आहे, उंच. या की! चढायला माणूस तेवढा बघावा लागेल.

पुण्याहून_नवखा
लांज्याजवळची एक जागा बघतोय, पऱ्या आहे. गट नकाशा कुठे मिळेल?

सातबारा_वाचा
तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही दिसतो, पण त्यावर विसंबून व्यवहार करू नका, मोजणी करून घ्या. आणि जागा मे महिन्यात बघा, पावसाळ्यात प्रत्येक घळ वाहते.

पुण्याहून_नवखा
एजंट ऑगस्टमध्येच या म्हणतोय.

सातबारा_वाचा
म्हणणारच. मेमध्ये जा.