नवीन बॅरल, तरी ग्रुप फुटतोय (.२२ प्रोन, सातारा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर मागणं बरं नव्हे.

रायफल सिंगल शॉट बोल्ट अ‍ॅक्शन .२२. अक्रोडाचा जुना स्टॉक (लाकडी दस्ता), मागे डायॉप्टर (बारीक भोकातून नेम धरायची) साइट, लायसन्स माझ्याच नावावर. जुन्या बॅरलचा क्राउन (गोळी बाहेर पडते ती तोंडाची कड) गेला होता म्हणून ऐन उन्हाळ्यात नवीन मॅच बॅरल बसवून घेतलं. हे बॅरल जुन्यापेक्षा किंचित जाड आहे, पण गनस्मिथने ‘बसतंय आरामात’ म्हणून दिलं आणि खरंच बसलं. पावसाळ्यापर्यंत तक्रारीला जागा नव्हती. ५० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा घोळका) १२-१३ मिलिमीटरचा येत होता. टार्गेटवरची दहाची रिंगच १०.४ मिलिमीटरची असते, म्हणजे त्या मानाने चांगलाच.

आता श्रावणात काय बिनसलंय कळत नाही. प्रोनला (पालथा) पडलो की पाच-सहा गोळ्या एकाच भोकात गेल्यासारख्या जातात आणि मग अचानक सात वाजता आठ, म्हणजे घड्याळात सात असतात त्या बाजूला, खाली-डावीकडे, आठच्या रिंगमध्ये. पुढची परत दहात. त्यानंतर लागोपाठ दोन पुन्हा सात वाजता. कागद लांबून पाहिला तर एक ग्रुप नाहीच, दोन वेगळे ग्रुप दिसतात आणि त्यांच्यामध्ये कोरी जागा. माझा ट्रिगर खेचला जात असेल तर छर्रे उधळल्यासारखं सगळीकडे व्हायला हवं ना? हे नेमकं दोनच ठिकाणी कसं?

वाऱ्याचा विचार केला. आमची रेंज उघड्यावर आहे आणि यवतेश्वरच्या बाजूने पश्चिमेचा वारा आला की चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उगीच तिथे उभ्या केल्या नाहीत हे पटतं. पण झेंडी काठीला चिकटून लोंबत असतानाही सात वाजता आठ येतोच.

डोक्यात गोंधळ आहे तो बॅरल ब्रेक-इनचा. परदेशी व्हिडिओत सांगतात की नवीन बॅरलला एक गोळी मारा, साफ करा, असं दहा वेळा, मग तीन-तीनवर साफ करा. आमचे कोच म्हणतात, हात लावू नकोस, घाण होऊ दे. मामा अपशिंग्याचे, फौजेतून रिटायर; त्यांच्या मते फायर झाल्यावर बॅरल आरशासारखं दिसलं नाही तर ती शिस्त नव्हे. मी सध्या मामांचं ऐकतोय, कारण ते घरी येऊन तपासतात.

तर (अ) ब्रेक-इन न केल्यामुळे हे होतंय का, (आ) साफसफाई किती करायची, आणि (इ) गोळ्यांचा लॉट बदलावा का? तिसरं सोपं नाही. असोसिएशनमार्फत जो लॉट हातात पडेल तो आपला.

पन्नासमीटर:

दादा, ते व्हिडिओ सेंटरफायरचे, म्हणजे मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे आहेत. त्यात तांब्याचं जॅकेट असलेली गोळी .२२ च्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे रीमरचे, म्हणजे भोक कापणाऱ्या हत्याराचे, आडवे ओरखडे असतील तर त्यावर तांबं खरवडून बॅरलभर बसतं. ते ओरखडे गुळगुळीत होईपर्यंत साफ करत राहायचं, असा त्या ब्रेक-इनचा हिशोब. त्यातही तज्ज्ञांचं एकमत नाही. .२२ ची मॅच गोळी मऊ शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस, वेग सेकंदाला ३२०-३३० मीटर. ती पोलादाला काय पॉलिश करणार? शिवाय चांगलं मॅच बॅरल कारखान्यातूनच लॅप होऊन, म्हणजे आतून गुळगुळीत घासून येतं.

.२२ ला ब्रेक-इन नाही, बॅरल मुरणं आहे. साफ केल्यावर आतला मेणाचा थर जातो. तो परत बसेपर्यंत पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मनाला येईल तिकडे जातात. गोळीचा ब्रँड बदलला तरी तेच, कारण मेण बदलतं. तुम्ही रोज आरसा करत असाल तर सराव रोज त्या पंधरा-वीस गोळ्यांतच सुरू होतो. रॉड नेहमी बोल्टच्या बाजूने आणि बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावूनच घाला. तोंडाकडून घालून क्राउन घासला, तर हेही बॅरल जाईल.

पण त्याने सुरुवातीच्या गोळ्या भटकतील. ग्रुप मधूनच दुभंगतो, हे त्यातलं नाही. फक्त वर-खाली ताणला गेला असता तर गोळ्यांवर संशय घेतला असता. वेगात १० मीटरचा फरक म्हणजे ५० मीटरवर सात-आठ मिलिमीटर. आडवा पसरला असता तर वारा. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला अडीच-तीन सेंटीमीटर सहज नेतो. दोन स्वतंत्र ग्रुप दिसले की मी आधी पाना काढते. काहीतरी ढिलं आहे किंवा टेकतंय, आणि दोन जागांपैकी कधी इथे, कधी तिथे बसतंय. अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो तो भाग स्टॉकला धरणारे) स्क्रू टॉर्क रेंचने (किती घट्ट ते दाखवणाऱ्या पान्याने) बघा, अंदाजाने नको. फोरसाइटचा (पुढच्या साइटचा) आणि डायॉप्टरचा बेसही हलवून बघा.

वाळूच्या पिशवीवरून आता काय येतंय ते लिहिलंच नाहीत. पिशवीवरून आणि स्लिंग (रायफल हाताला ताणून धरणारा पट्टा) लावून, दोन्हीकडे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारा. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही छान येतो.

माजी सैनिक:

मामांची बाजू घेतो जरा. आमच्या वेळी .३०३ ला उकळतं पाणी नरसाळ्याने ओतायचो, मग पुलथ्रूला (बॅरलमधून ओढायच्या दोरीला) चिंधी लावून कोरडं, मग तेल. त्या काडतुसाच्या कॅपमधून निघणारे क्षार पोलाद खायचे, पाण्याशिवाय ते निघायचेच नाहीत. म्हणून ती शिस्त. तुमच्या .२२ मध्ये ते क्षार नाहीत. मामांना एवढं सांगा, ऐकतील. पण पावसाळ्यात बाहेरून तेलाचा हात रोज फिरवाच, साताऱ्याच्या हवेत बोल्टवर गंज यायला वेळ लागत नाही.

आणि कानातल्या कापसाची काडी क्राउनभोवती फिरवा. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे बारीक कड उभी आहे.

धागाकर्ता:

काका, ताई, आभार. क्राउनला कापूस अडकला नाही. साइटचे बेस पक्के आहेत. अ‍ॅक्शनचा मागचा स्क्रू कमी टॉर्कवर होता, तो पुस्तकाप्रमाणे केला, तरी फरक शून्य.

मात्र पिशवीवरून ग्रुप एकच आला, पूर्वीसारखाच १३ च्या आसपास! स्लिंग चढवली की दोन. म्हणजे गोळ्या संशयातून सुटल्या, बॅरलही सुटलं. राहिलो मी?

पन्नासमीटर:

तुम्ही सगळ्यात शेवटी. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढून ठेवा. दहाची नोट बॅरलखालून स्टॉकच्या खाचेत घाला आणि तोंडाकडून अ‍ॅक्शनपर्यंत सरकवत न्या. मग स्लिंग लावून, कुणाला तरी पोझिशनइतका ताण देऊन धरायला सांगा आणि तीच नोट पुन्हा सरकवा. बॅरल जाड आहे आणि स्टॉक लाकडाचा आहे हे तुम्हीच वर लिहिलंय.

धागाकर्ता:

सापडलं वाटतं. ताण नसताना नोट जाते, पण हँडस्टॉपच्या (डावा हात टेकतो आणि स्लिंग अडकते त्या तुकड्याच्या) थोडं पुढे उजव्या अंगाला घासत जाते. मामांनी स्लिंग ओढून धरली तर नेमकी तिथेच अडकली, ओढली तर कोपरा फाटला. खाच टॉर्चने पाहिली. इंचभर जागेत पॉलिश चकाकतंय आणि त्यावर काळी रेघ उठलीय.

उन्हाळ्यात ती फट पुरत असणार, लाकूड कोरडं होतं. आता पावसाने फुगलंय. स्लिंग पुढचा स्टॉक डावीकडे-खाली खेचते, उजवी भिंत बॅरलला टेकते आणि गोळी सात वाजता. माझा ताण थोडा ढिला पडला की सुटते आणि गोळी दहात. म्हणजे आठ यायचा तेव्हा माझी पोझिशन जास्त घट्ट असायची. एवढे दिवस उलटं समजून घट्ट धरण्याचाच सराव करत होतो!

आता ती खाच मीच घासू की गनस्मिथकडे देऊ? आणि घासल्यावर उघड्या लाकडाला काय लावू? मामा अलसीचं तेल म्हणताहेत.

पन्नासमीटर:

खाच घासायला गनस्मिथ कशाला? गोल दांडक्याला १२० चा पॉलिश पेपर गुंडाळा, थोडं घासा, नोट सरकवा, परत घासा. दोन नोटा एकावर एक, ताण दिलेला असताना मोकळ्या गेल्या की थांबा. अलसीचं तेल दिसायला सुरेख, पण ओलावा फारसा अडवत नाही. खाचेला पातळ पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. बटप्लेट (खांद्याला टेकते ती मागची पट्टी) काढून मागच्या कापलेल्या लाकडालाही तोच हात द्या, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. फक्त अ‍ॅक्शन जिथे बसते त्या जागेला ब्रश लागू देऊ नका, नाहीतर बेडिंग (अ‍ॅक्शनची लाकडातली बैठक) बदलेल आणि नवीन धागा काढावा लागेल.