मदत हवी आहे: फॉलिक्युलर लिम्फोमा, उपचाराविना गाठी लहान झाल्या

कोथरूडकर: आत्या, वय 64. फॉलिक्युलर लिम्फोमा (लसीका गाठींचा, सावकाश वाढणारा कर्करोग), ग्रेड 1-2. त्रास नाही म्हणून औषध नाही, नुसतं लक्ष ठेवणं चालू आहे. जूनच्या पेट-सीटीत उजव्या काखेतली गाठ 3.4 सेंमी, एसयूव्ही (गाठ स्कॅनमध्ये किती चमकते त्याचा आकडा) 8.6. जानेवारीत पुण्यातच, पण दुसऱ्या सेंटरवर 1.9 सेंमी आणि 3.2. असं आपोआप होतं का? पुढचा स्कॅन कधी?

रक्तपेशी: होतं. 1984 मध्ये हॉर्निंग आणि रोझेनबर्ग यांनी उपचार न दिलेल्या संथ लिम्फोमाच्या 83 रुग्णांपैकी 19 जणांत हे नोंदवलंय. पण पेढे वाटायची घाई नको. दोन्ही रिपोर्टांत इंजेक्शनआधीची साखर आणि इंजेक्शन ते स्कॅन किती मिनिटं, ते बघून इथे टाका.

कोथरूडकर: जून: 98, 62 मिनिटं. जानेवारी: 188, 90 मिनिटं. मधुमेह नाही.

अणुरेणू: मिनिटांचं सोडा, उशिरा स्कॅन केला की गाठीचा आकडा बहुधा वाढतो. साखर मात्र खटकते. रक्तातली साखर आणि एफडीजी (पेटच्या इंजेक्शनमधली किरणोत्सर्गी साखर) पेशीत एकाच दारानं शिरतात. साखरेची गर्दी झाली की गाठ फिकी दिसते. पण साखरेनं सेंटिमीटर घटत नाहीत! मधुमेह नसताना 188 आली कुठून? स्टेरॉइड, सांध्यातलं इंजेक्शन, बिनलेबलची पुडी?

कोथरूडकर: दम्यासाठी प्रेडनिसोलोन 40 मिग्रॅ, दहा दिवस. स्कॅन आठव्या दिवशी.

रक्तपेशी: मग हा उपचारच झाला की. आर-चॉप या लिम्फोमावरच्या औषधांच्या संचातलं शेवटचं औषध हेच. साखर त्यानंच चढली, गाठही बहुधा त्यानंच बसली. ती परत वाढू शकते. गोळ्यांच्या तारखा हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) आधी कळवा. लगेच पुन्हा पेट नको. तीन महिन्यांनी हातानं तपासणी, सीबीसी, एलडीएच या रक्ततपासण्या. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं किंवा एकच गाठ झपाट्यानं वाढणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. तेव्हा पेट, आणि सर्वांत चमकणाऱ्या गाठीची बायोप्सी.

अणुरेणू: पुढचा पेट जूनच्याच मशीनवर. सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी पर्वती चढायची नाही, स्नायू एफडीजी ओढतात. दम्यामुळे फ्लूची लस घेतली असेल तर कुठल्या दंडात ते सांगा, त्या बाजूची काख उगाच उजळते. आणि नुसत्या फिल्म घेऊन येऊ नका. दोन्ही स्कॅनची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रांची) मागा. फिल्मवर एसयूव्ही मोजता येत नाही.