मदत हवी आहे: लहान चित्रात पोत अक्षरं गिळतोय

नमस्कार मंडळी,

एखादा शब्द किंवा छोटी ओळ, मागे जुन्या कागदाचा नाहीतर खरखरीत भिंतीचा पोत, अशी चौकोनी अक्षरचित्रं करायचा नाद लागलाय. गिम्प या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये १००० पिक्सेलवर सगळं झकास दिसतं. तेच १०० पिक्सेलवर आणलं की कागदाच्या सुरकुत्या वेलांट्यांत मिसळतात आणि अनुस्वार म्हणजे कागदावरचा डागच वाटतो. परवा 'चिंब'चं 'चिब' झालं!

पोताचा थर मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरचा थर खालचे रंग गडद करतो) टाकून त्याची अपारदर्शकता ३० टक्क्यांवर आणली, अक्षरांमागच्या भागाला गॉशियन ब्लर देऊन तो धूसर केला. वाचता येतं, पण मग पोत हवाच कशाला? अक्षरांना पांढरी कड दिली, ती फारच बटबटीत दिसली. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, वाचनीयतेसाठी किमान मानल्या जाणाऱ्या ४.५:१ च्या वर आहे. पण मी मोजला तो कागदाच्या मूळ रंगाशी, आणि सुरकुतीतला प्रत्येक पिक्सेल वेगळा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटली. (रोमन लिपीचे धडे बघून शिकल्याचा परिणाम.)

सध्या मुक्ता फॉन्ट जाड वजनात वापरतेय. आता डोक्यात आहे की मागचा भाग सपाट ठेवावा आणि मास्क लावून (अक्षरांबाहेरचा पोत झाकून) तो अक्षरांच्या आतच भरावा. इतक्या लहान आकारात तो दिसेल का? की सुरुवातीपासूनच १०० पिक्सेलवर काम करून पोताचे कण हाताने विरळ करावेत? कुणी देवनागरीत असं केलं असेल तर थरांचा क्रम सांगा, जमल्यास नमुनाही दाखवा. फाइल पीएनजीच आहे, त्यामुळे जेपीजीत फाइल लहान करताना तपशील पुसट होतात, तो दोष इथे नाही.