सोसायटीच्या सूचनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाची जाहिरात

बी-१०२: टँकर ६ ऐवजी ७ ला येणार हा मेसेज सेक्रेटरींनी काल रात्री टाकला होता. त्यावर चकलीचे ११ फोटो. कोणाला दिसला?

ए-३०४: काका, दिवाळी तोंडावर आहे. वर्षातून एकदाच टाकते.

बी-१०२: फराळाला विरोध नाही. टँकरचा मेसेज वर गेला, एवढंच म्हणणं.

सी-२०१: आणि न विचारता ‘दिवाळी फराळ’ ग्रुपमध्ये घातलंत त्याचं काय? बाहेर पडलं की ॲडमिनला कळतं, आणि ॲडमिन रोज लिफ्टमध्ये भेटते.

डी-४०३: सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स. तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून नावांवर टिक करा. मग त्यांना तुम्हाला थेट घालता येत नाही, फक्त आमंत्रण पाठवता येतं. ३ दिवस काही केलं नाही तर ते आपोआप रद्द होतं.

ए-३०४: मग आम्ही सांगायचं तरी कसं?

डी-४०३: ताई, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. पण आधी एकदा विचारा, ‘यादी पाठवू का?’ उत्तर आलं नाही तर नको आहे असं समजायचं, परत विचारायचं नाही.
११ फोटोही नकोत. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग करून एक लिंक द्या. वजन, भाव, तेल कोणतं, ऑर्डरची शेवटची तारीख, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विक्रीच्या नोंदणीचा) १४ आकडी नंबर, सगळं लिहा. ‘भावासाठी पर्सनलवर या’ लिहिलं की पंचाईत होते. एकदा भाव विचारला की शेजाऱ्याला नको म्हणायची चोरी.

सी-२०१: आणि ‘वहिनी, तुमची २ किलो धरू ना?’ हे सगळ्यांसमोर नको. चारचौघांत नाही कोण म्हणणार?

ए-३०४: कळलं कोणाला बोलताय ते. तुमच्या भाच्याच्या पॉलिसीचे मेसेज उन्हाळाभर वाचले आम्ही. तेव्हा कोणी नियम काढले नाहीत.

सी-२०१: विमा आणि चकली एक नव्हे.

डी-४०३: विम्याला तर जास्त लागू आहे. कमिशन मिळत असेल तर पहिल्याच ओळीत सांगायला हवं. नाहीतर लोकांना वाटतं घरच्या माणसाने सल्ला दिला.

बी-४०१: अनारसे आहेत का हो? 😀

ए-३०४: आहेत. पाव किलोपासून.

बी-१०२: अहो, इथेच ऑर्डर? टँकरचा मेसेज परत वर गेला!!

सी-२०१: भाच्याचे मेसेज मी बंद करायला सांगते. पण त्या ग्रुपमधून माझं नाव आज काढा.

ए-३०४: काढलं.

सेक्रेटरी: नमस्कार. उद्यापासून या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील. विक्रीसाठी वेगळा ग्रुप करून लिंक इथे देतो. ज्याला हवं त्याने यावं, कोणालाही परस्पर घालणार नाही. सोसायटीच्या रजिस्टरमधले नंबर जाहिरातीसाठी वापरू नयेत ही विनंती. टँकरचा मेसेज ७ दिवसांसाठी पिन केला आहे.

बी-१०२: पिन ३० दिवसांचाही होतो. टँकर महिनाभर आहे.