हलकी रायफल, ऐंशी हजाराचा दाब आणि आमची काजूची बाग

काजूवाला (राजापूर)

गणपतीत मामेभाऊ आला होता. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये, डेन्व्हरजवळ राहतो, तिकडचा परवाना काढून दरवर्षी एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातो. आरती झाल्यावर ओटीवर बसून त्याने मोबाईलवर नवी रायफल दाखवली. दुर्बीण सोडली तर वजन अडीच किलोच्या आत. ॲक्शन (म्हणजे काडतूस आत घेऊन बार काढणारा मधला भाग) टायटॅनियमची, आणि नळी आतून पोलादी पण अगदी पातळ, वरून कार्बन फायबर गुंडाळलेला. काडतूस ७ एमएम बॅककंट्री, फेडरल कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला आणलेलं. बार झाल्यावर आतला कमाल दाब ८०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेपाच टनांहून जास्त. तुलनेला सांगतो, .३०८ विंचेस्टर ६२,००० ला थांबते, .२७० विंचेस्टर ६५,००० ला, आणि आपली छर्ऱ्याची बारा बोअर ११,५०० च्या आसपास.

पितळेचं कवच एवढा दाब सोसत नाही. बूड पसरतं, ठिणगी देणाऱ्या टोपीची खोबण ढिली पडते. म्हणून फेडरलने कवचच पोलादाचं केलं. त्याआधी सिग सावर या बंदूक कंपनीने .२७७ फ्युरी काडतुसासाठी स्टेनलेसचं बूड आणि पितळेचं धड अशी जोडणी केली होती, त्याचाच लष्करी अवतार अमेरिकन सैन्याने २०२२ मध्ये नव्या रायफलसाठी निवडला. फायदा असा की नळी आखूड ठेवता येते. ११ ग्रॅमची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला ३,००० फुटांनी जाते. आधी याला २४-२६ इंच लागायचे.

आता माझं. शेती संरक्षणाचा परवाना आहे, वडिलांची दोन नळ्यांची बारा बोअर आहे. तीन किलोच्या वर लोखंड, खांद्याला बॅटरी, पायात गमबूट आणि समोर निसरडी घाटी. भात पोटरीला आलं की डुकरं येतात, मग रात्री तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला मी बंदूक काठीसारखी टेकत चालतो, खोटं कशाला बोलू. जड म्हणजे भक्कम ही आपली समजूत आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतून आलेली आहे. हलकी, गंज न धरणारी, नेमकी बंदूक आपल्या परवान्यावर का मिळू नये? दाब वाढला तर बिघडलं काय?

निवृत्त सुभेदार (सावंतवाडी)

बिघडतं ते खांद्यात आणि डोळ्यात. गोळी पुढे जाते तेवढा जोर मागे येतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलंत तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. टायटॅनियम म्हटलं म्हणून न्यूटन सूट देत नाही. आम्ही सैन्यात एसएलआर रायफल वापरली, चार किलोच्या वर होती. चढताना शिव्या दिल्या, पण आडवं पडून गोळी मारायची तेव्हा तेच वजन कामी आलं.

पोरं धक्क्याला घाबरतात हे कसं ओळखायचं सांगतो. रेंजवर त्याला न कळता मॅगझिनमध्ये एक ड्रिल काडतूस (बिनदारूचं, सरावाचं) घालायचं. चार गोळ्या नीट जातात. पाचव्या वेळी चाप ओढला की नुसतं 'टक' होतं, आणि धक्का नसतानाही नळीचं टोक झपकन खाली जातं. त्या क्षणी पोराचा चेहरा बघावा. गोळी असती तर ती पायाखालच्या मातीत गेली असती. अडीच किलोची रायफल आणि तुमचं ते काडतूस एकत्र दिलंत तर दहा गोळ्यांत चांगल्या नेमबाजाचं असं होईल. हलकी बंदूक वाहायला चांगली, मारायला वाईट. दोन्हीतलं नक्की काय करायचंय ते आधी ठरवा.

मालवणचो खेकडो

सुभेदारानू, धक्क्याचा सोडा. माका एक सांगा, ती ऐंशी हजाराची गोळी डुकराक लागली नाय तर जातली खय? आमच्याकडे एका डोंगराच्या कुशीक चार वाड्या. बागेच्या खाली पायवाट, पायवाटेखाली घरां, पलीकडच्या बाजूक शाळा. वर सगळो कातळ. जांभ्यार गोळी आपाटली की खय वळतली ता देवाकच ठावक.

बारा बोअरचो छर्रो थोड्या अंतरार मरता. रायफलची गोळी कितकेच किलोमीटर जाता. राजापूरकरानू, तुमी डुकराक कितक्या अंतरावरून मारतास? तीस पावलां? चाळीस? बॅटरीच्या उजेडात त्याच्यापलीकडे दिसता तरी काय? कोलोरॅडोत दरीच्या ह्या बाजूसून त्या बाजूक मारतत, त्येंका गोळी सरळ जाऊक व्हयी. आमका कित्याक?

लोटेचा भट्टीवाला

धातूचं काम करतो म्हणून थोडं लांबड लावतो.

दाब जास्त म्हणजे बंदूक फुटणार, ही भीती चुकीच्या जागी आहे. नळी आणि बोल्ट (काडतुसामागे बसणारा अडसर) त्या दाबासाठी बनवून, वरून जादा दाबाच्या काडतुसाने तपासूनच विकतात. बंदुकीत सगळ्यात दुबळा दुवा पितळेचं कवच. बार झाला की ते फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या घराला) चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही, कुकरच्या रिंगसारखं. पण त्याचं बूड चेंबरच्या बाहेर, बोल्टच्या तोंडाशी असतं. तिथे त्याला बाजूने आधार नसतो आणि ६५,००० च्या पलीकडे पितळ तिथेच हार मानतं. हा दुवा पोलादाचा केला, म्हणून दाब वाढवता आला. शंभर-सव्वाशे वर्षं जी मर्यादा होती ती पोलादाच्या नळीची नव्हतीच, पितळेची होती. मला तरी यात मजा वाटते.

किंमत मात्र आहे. चेंबरच्या तोंडाशी नळी लवकर झिजते. पातळ नळी चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकायला लागतो. शिवाय तापलेली दारू जास्त वेगाने जळते. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली पडलेलं काडतूस सकाळच्या काडतुसापेक्षा जास्त दाब देतं. कंपन्या त्यासाठी वाव ठेवतात, पण आपल्याकडे काडतूस खिशात, पेटीत, पत्र्याखाली कुठेही पडलेलं असतं.

गुहागरचा नातू

ठासणीचा उल्लेख आला म्हणून. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ दारू बोटांनी मोजायचे. काठी नळीत घालायची, बाहेर राहिली ती चार बोटं म्हणजे भरली. कुणाची बोटं, जाड की बारीक, विचारू नका. एकदा गवे आले म्हणून 'जरा जास्त' भरली. नळी शेवग्याच्या शेंगेसारखी उभी चिरली. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि पुढची तीस वर्षं त्यांनी त्याच हाताने पानाला चुना लावला. ती नळी आमच्या माळ्यावर अजून आहे.

त्यात दाब किती झाला असेल? दहा हजार, वीस हजार, कुणी मोजला? म्हणून मला ८०,००० ची भीती कमी वाटते. तो निदान कुणीतरी मोजलेला आहे. खेकडोबांचा मुद्दा मात्र पटतो.

बिबळ्या बघितलेला (देवरुख)

एक आठवण करून देतो. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. मारलेला प्राणी सरकारचा, मटण तुमचं नाही. शेती संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. ही दोन कागदं वेगळी आहेत आणि निम्म्या कोकणात ती एकच समजली जातात.

आणि नेमकी बंदूक हवी म्हणता, तर जखमी होऊन रानात गेलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेलेल्या बाईसमोर येतं, त्याचा हिशेब कोण करतो? कुंपण घाला, सौरऊर्जेचा झटका लावा.

काजूवाला (राजापूर)

@बिबळ्या, सौर कुंपण लावलंय. पावसात त्यावर वेली चढतात आणि झटका गुदगुल्यांवर येतो. केल्डी (माकडं) तर फणसावरून थेट आत उडी मारतात. कागद दोन आहेत हे मला माहीत आहे. आजवर एकदाही जनावर पाडलेलं नाही, हवेत बार काढतो, तेवढ्यावर पळतात. आता तुम्ही म्हणाल मग रायफल कशाला. बरोबर आहे, ते मी वर लिहिताना विचारात घेतलं नव्हतं.

पण बार काढायलाही बंदूक घरात हवी ना! २०२४ ला मार्चच्या मध्याला आचारसंहिता लागली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. जून उजाडला परत मिळायला. अख्खा काजू, अख्खा आंबा गेला. केल्ड्यांना आचारसंहिता लागू नाही.

@खेकडो, तीस पावलांचं मान्य. आमच्या बागेत चाळीसच्या पुढे दिसतच नाही. म्हणजे दाब मला नको, हे कबूल करतो. वजन मात्र सोडणार नाही.

निवृत्त सुभेदार (सावंतवाडी)

वजनावर भांडण नव्हतंच, काडतुसावर होतं. शिकारी जिम कॉर्बेटसाहेबांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. ती हलकीच रायफल होती. काडतूस १८९२ चं, ७ बाय ५७ माउझर, कमाल दाब ५१,०००. मामेभावाची गोळी आणि कॉर्बेटची गोळी एकाच जाडीची, दोन्ही ७ एमएम. हलक्या बंदुकीला सौम्य काडतूस, ही जोडी त्या काळी जमली होती. तुम्ही बारा बोअरच घ्या, पण एकनळी घ्या. अर्धा-पाऊण किलो तिथेच वाचेल.

लोटेचा भट्टीवाला

एकनळीचा धक्का जास्त बसेल, सुभेदार. तुमचाच न्यूटन.

निवृत्त सुभेदार (सावंतवाडी)

हवेत एक बार काढायला खांदा काय मोडतो का?

मालवणचो खेकडो

आणि काडतुसां प्लास्टिकची घेवा. आमच्या बापसाकडे कागदाची होती, पावसात भिजान फुगत आणि नळीतच जायनत. डुक्कर समोर हुबो आणि बापूस काडतूस तोंडान फुकून सुकवता.

काजूवाला (राजापूर)

एकनळी बघतो. तोवर रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात दस्त्याला रबर बसवून देणारा कुणी परवानाधारक कारागीर माहीत असेल तर सांगा. वडिलांचा हात लांब होता, दस्ता मला अर्धा इंच जास्त होतो, तोही कापून हवाय.

गुहागरचा नातू

रबर मागाहून. आधी नळीत उजेड धरून बघा. पावसाळा संपल्यावर शेवटचं तेल कधी घातलंत?

काजूवाला (राजापूर)

…उद्या बघतो.